पॅलेसच्या छतावरचा कललेला घुमट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरं म्हणजे माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. सासूबाई म्हणतात, "हिला प्रसादाचा पेढा दिला तरी ही आधी वास घेऊन बघते." मी आर्किटेक्ट आहे, जालन्यात माझं छोटं ऑफिस आहे, आणि सोळा वर्षं साइटवर काढल्यावर माणूस असाच होतो. मिस्त्रीने ओळंबा लावला तरी मी माझा वेगळा लावून बघते. या ग्रुपवरच्या किती तरी अनुभवांखाली "झोप नीट होते ना?" असं खवचटपणे मीच लिहिलेलं आहे... जुन्या मेंबरांना आठवत असेल. तेव्हा आज माझी फिरकी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण आधी पूर्ण वाचा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंबडहून तीर्थपुरीकडे निघालात की कापूस-सोयाबीनच्या रानात एका वळणावर डाव्या हाताला अचानक एक पांढरा महाल दिसतो. आजूबाजूला दुसरं काही नाही, एक हातपंप आणि एक टपरी. तो महाल मी बांधला. म्हणजे बांधला भाऊसाहेबांनी (खरं नाव देत नाही), डिझाइन माझं. डिझाइन तरी कुठलं माझं म्हणा...

भाऊसाहेब बियाण्यांच्या धंद्यात वर आलेले. बायकोला घेऊन ग्रुप टूरने युरोपला गेले आणि येताना मोबाइलमध्ये एका महालाचे दोनेकशे फोटो घेऊन आले. तिकडच्या कुण्या सरदाराचा, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचा, बरोक शैलीच्या शेवटच्या काळातला. माझ्यासमोर मोबाइल ठेवून म्हणाले, "मॅडम, आपल्याला बिलकुल असंच मंगल कार्यालय पाह्यजे. जिल्ह्यात दुसरं नसलं पाह्यजे."

मी कॉलेजात हे सगळं शिकले होते आणि परीक्षेनंतर विसरलेही होते. पुन्हा पुस्तकं काढली. त्या काळच्या सरदारांना आपण राजापेक्षा कमी नाही हे दाखवायची भारी हौस, त्यामुळे अख्खी इमारत म्हणजे नाटकाचा सेट. भिंत सरळ उभी राहील तर शपथ, मध्येच फुगणार, मध्येच आत जाणार. एका जिन्यात भागत असेल तिथे दोन, तेही दोन्हीकडून वळत वर जाणारे. बाल्कनी खांद्यावर घेऊन वाकलेले दगडी पैलवान. उजवीकडे दार असेल तर तोल साधायला डावीकडे खोटं दार, उघडायला गेलात की भिंत. साध्या प्लास्टरवर रंगवलेला संगमरवर. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सपाट छतावर रंगवलेला घुमट.

हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. छत पूर्ण सपाट असतं, पण त्यावर खांब, कमानी, गच्च्या आणि वर उघडं आभाळ असं रंगवतात की खाली उभ्या माणसाला वाटावं, डोक्यावर खराखुरा उंच घुमट आहे. यातली मेख अशी, की तो घुमट खालच्या फक्त एका जागेवरून बरोबर दिसतो. तिथे जमिनीत खूण केलेली असते. खुणेवरून बाजूला सरकलात की खांब कलायला लागतात आणि लबाडी उघडी पडते. संशयी बाईला याहून आवडणारं डिझाइन सापडणार नाही. मी भाऊसाहेबांना म्हटलं, बाकी काही कापा, घुमट ठेवू.

बाहेरचे पैलवान पीओपीच्या कारागिरांनी केले, त्यांनी त्यांना परस्पर पिळदार मिशा ठेवल्या. भाऊसाहेब खूश. पण घुमट रंगवणार कोण? चौकशी करता करता मी रहीमचाचांपर्यंत पोचले.

चाचा सत्तरीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जालन्यात टॉकीजसाठी सिनेमाचे मोठे मोठे बॅनर रंगवले. बॅनर छापील झाल्यावर फोटो स्टुडिओचे पडदे केले – तेच, मागे कारंजं आणि जिना असलेले. मग तेही गेलं. खांब-कमानी खऱ्यासारख्या रंगवणारा जिल्ह्यात हा एकच हात उरला होता. महालाचे फोटो बघून चाचा म्हणाले, "मॅडम, चालीस साल हिरो रंगवले. शुक्करवारी नवा पिक्चर लागला की माझ्याच हिरोवर पांढरा मारायचा आन् त्याच्यावर दुसरा हिरो. माझ्या हाताचं एक बी काम आज दुनियेत न्हाई. ये छत रहेगी ना?"

"राहील चाचा. छत कोण पुसायला जातंय?"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलेलं वाक्य आहे.

काम आम्ही दोघांनी मिळून आखलं. हॉलच्या मधल्या रेषेवर, मोठ्या दारापासून वीस फूट आत, मी फरशीत पितळेची एक टिकली बसवली. तिच्यावर स्टँड, स्टँडवर लेसर – भाऊसाहेबांच्या डोळ्यांच्या उंचीला, कारण पैसा त्यांचा आणि उंचीने ते बेताचेच. खालून मी लेसरचा ठिपका छतावर टाकायचा आणि वर परांचीवर उताणे पडून चाचांनी कोळशाने खूण करायची. असे शेकडो ठिपके. मग ते जोडून रंग. चाचांची मान आखडायची, डोळ्यात रंग पडायचा, पण दुपारच्या जेवणापलीकडे माणूस खाली उतरायचा नाही. मी मात्र दर दोन दिवसांनी गुपचूप ठिपके पुन्हा तपासायची. चाचांना ते कळायचं. ते नुसते हसायचे.

परांची उतरवली त्या दिवशी मी टिकलीवर उभी राहिले आणि वर बघितलं... काय सांगू! बारा खांब सरळसोट वर चढलेले, त्यांच्यावर कठडा, कठड्यावर बसलेली कबुतरं आणि अगदी वर निळं गोल आभाळ. छत सपाट आहे हे मला पाठ असूनही मान मागे टाकून बघतच राहिले. टिकलीवरूनच फोटो काढला. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "शादीच्या दिवशी बेगमला घेऊन येतो. तिचे गुडघे चालत न्हाईत, पर आणतोच. तिने माझं काम कधी पाह्यलंच न्हाई, टॉकीजला येऊ द्यायचे न्हाईत आमच्या घरचे." पहिलंच लग्न भाऊसाहेबांच्या मुलीचं होतं, तीन आठवड्यांवर. तोवर बारीकसारीक काम म्हणून चाचा हॉलच्या भिंती-खांबांवरचा संगमरवर रंगवत थांबले.

सहा दिवसांनी मी साइटवर गेले. सकाळचे अकरा, बाहेर रणरणतं ऊन, हॉल उजेडाने भरलेला. सवयीने टिकलीवर उभी राहिले आणि वर पाहिलं. घुमट कलला होता. बाराच्या बारा खांब उजवीकडे झुकलेले, कठडा तिरका, आभाळाचा गोल दबून लांबट झालेला. जणू सगळं आता अंगावर येणार. तिथे वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन होता, त्याला बोलावून टिकलीवर उभं केलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. वर बघून तो मागे सरला, "मॅडम, ह्ये पडतंय का काय?"

माझ्या डोक्यात पहिलं आलं, टिकली हलवली. फरशीवाल्याने पॉलिश करताना उचलली असणार आणि अंदाजाने परत बसवली असणार, ही जमात तशीच. टेप काढला. दारापासून वीस फूट, बरोब्बर. दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर. टिकली जागच्या जागी.

मग स्लॅब? छत खाली आलं असेल? लेसर लावून चारही कोपरे आणि मध्य तपासला. काही नाही. मग चाकांची शिडी ओढून स्वतः वर चढले आणि बाराही खांबांचे पाय-माथे ड्रॉइंगशी ताडून पाहिले. सगळे खडूच्या रेषेइतक्या फरकात. उतरले, पाणी प्यायले, पुन्हा चढले, पुन्हा मोजलं. तेच. टेप म्हणत होता काहीही हललेलं नाही, आणि टिकलीवरून बघावं तर घुमट उजवीकडे ढासळतोय.

दुपारी चाचा डबा खायला बसले होते. हॉलच्या डाव्या अंगाला जमिनीवरच्या खऱ्या खांबांपैकी तिसऱ्याशी त्यांची रोजची जागा, तिथेच खायचे, तिथेच घटकाभर आडवे व्हायचे. मी कुणाशीच न बोलता वर बघत फेऱ्या मारतेय हे त्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, "मॅडम, इथं येऊन बसा."

मी बसले. वर बघितलं. घुमट सरळ! जरा फुगलेला वाटत होता, म्हणून चाचा म्हणाले, "थोडं आडवं होऊन बघा." लाज बाजूला ठेवून फरशीवर पाठ टेकली, तर आणखी सरळ. माझ्या टिकलीपासून चांगलं चौदा फूट लांब. जितकं खाली जावं तितका घुमट नीट होत होता, म्हणजे डोळा अजून खाली नेता आला असता तर बिनचूक दिसला असता. मे महिन्यात ती तेवढीच फरशी पाठीला गार लागत होती.

"चार दिवसांपासून इथून बराबर दिसून राह्यला," चाचा म्हणाले. "मी म्हटलं मॅडम आल्यावर सांगू. मेरेकू समज में नहीं आया."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय वाटलं असतं? मला वाटलं, सापडला! चोर आपणहून सापडला. ही तर यांचीच झोपायची जागा! म्हातारबाबांची शेवटी कुठे तरी रेघ चुकली, खालून नीट दिसेना, तेव्हा आपल्या लोळायच्या जागेवरून जुळवून घेतलं. पहिल्या दिवशी सरळ कसा दिसला मग? ते त्यांनाच ठाऊक, नंतर रात्रीतून हात मारला असेल. टेप जुळतोय त्याचं काय? त्याचंही काही तरी असेल. असा माझा कारखाना चालू झाला.

तेवढ्यात वॉचमन किसनमामा पाण्याचा जार घेऊन आले. हे अंतरवाली सराटीकडचे, कार्यालय व्हायच्या आधी हेच रान बटईने करायचे. मी त्यांनाही तिथे आडवं व्हायला सांगितलं. मामा हसत हसत आडवे झाले, वर बघितलं आणि हसू एकदम मावळलं.

"काय दिसतंय मामा?"

"दिसतंय की... बराबर दिसतंय." मामा घाईने उठले, जार तिथेच विसरून बाहेर गेले आणि भर उन्हात जाऊन उभे राहिले. मी मनात नोंद केली, हाही काही तरी लपवतोय. दोघं मिळून आहेत म्हणजे.

मामा बाहेर गेल्यावर मी चाचांना विचारलंच. "चाचा, खरं सांगा. लाइन चुकली ना? आणि इथून जुळवून घेतलंत?"

चाचांनी घास खाली ठेवला. "मॅडम, लेसर तुमचा. ठिपका तुमचा. मी तर वर निसता कोळसा फिरवत होतो."

"मग डोळे तरी दाखवलेत का कधी? या वयात माणसाला तिरकं सरळ दिसतं."

चाचांनी डबा झाकला, हात धुतले आणि अर्धवट राहिलेल्या खांबाकडे रंग घेऊन निघून गेले.

संध्याकाळी मी भाऊसाहेबांना फोन केला. हा फोन मी नंतर मनात शंभर वेळा केलाय, प्रत्येक वेळी वेगळा. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "छताचं काम बिघडलंय. चाचांची नजर गेलीय असं वाटतं." बस, एवढंच. टिकलीवरून काढलेला पहिल्या दिवशीचा सरळसोट फोटो त्याच मोबाइलमध्ये होता. तो त्यांना पाठवायला हवा होता. नाही पाठवला. का? तर फोटो पाहून ते म्हणाले असते, मॅडम, मग चूक तुमच्या आखणीत असेल.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः येऊन टिकलीवर उभे राहिले आणि हबकले. "पाहुणे म्हणतील छत पडायला लागलं. न्हाई मॅडम, लग्नात अपशकून नको. पांढरा मारून टाकू." दुरुस्त करू, थोडं थांबू, असं मी काहीही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्प्रेचं मशीन घेऊन दोन माणसं आली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत छत पांढरंफेक झालं. चाचांना कुणी कळवलंच नव्हतं. ते नेहमीसारखे बसने आले, दारात उभे राहिले, वर बघत. स्प्रेचा धूर त्यांच्या टोपीवर बसत होता. मग कोपऱ्यातली ब्रशची पिशवी उचलली आणि मला सलाम करून गेले. सलाम करून! त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज ही पोस्ट लिहीत बसले नसते.

ते गेल्यावर किसनमामा माझ्याजवळ आले. मान खाली. "मॅडम, चाचाचं काहीच चुकलं न्हाई."

"म्हणजे?"

"तिथं हीर व्हती."

"विहीर? कुठे?" मामांनी खांबाजवळची ती जागा हाताने दाखवली. "चाळीस हात खोल. मी स्वतः गाळ काढायला उतरल्तो, तरणा व्हतो तव्हा. खालून वर पाह्यलं का निळं आभाळ असं गोल दिसायचं... त्या दिशी मी आडवा झालो ना, मला बिलकुल तसंच दिसलं. दगडी थर, वर कठडा, कठड्यावर पारवे. मी हिरीच्या तळालाच हाव असं वाटलं. म्हणून उठून पळालो."

"आणि हे मला कुणीच सांगितलं नाही?"

"मालकानं शपथ घातल्ती."

आमच्याकडची रीत अशी, की विहीर बुजवायची वेळ आलीच तर आधी नारळ-निवद, सवाष्णीकडून ओटी, आणि बुजवताना मधोमध एक पाइप उभा ठेवायचा, जमिनीच्या वर तोंड काढलेला. विहिरीला श्वास घ्यायला. मी हे सगळं अडाणीपणाचं म्हणत आलेय. पण रीत कुणी मोडत नाही हेही मला माहीत आहे. भाऊसाहेबांनी मोडली, कारण पाइप ठेवला असता तर तो हॉलमध्येच वर आला असता आणि सगळ्या पंचक्रोशीला कळलं असतं. मी त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन विचारलं. आधी हो-ना करत राहिले, मग एकदम पडत्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हिरीवर मंगल कार्यालय म्हटल्यावर कोण आपल्या लेकीचं लग्न लावंल तिथं? जेसीबी लावून एका सकाळीत बुजवून घेतली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जागाच बदलली असती."

बदललीच असती. आत काय टाकलं विचारलं तर काळी माती आणि जुन्या गोठ्याचा राडारोडा. दाबून, थर देऊन वगैरे काही नाही, नुसतं ढकललेलं. काळी माती ओलीने फुगते आणि उन्हात सुकून खाली बसते, मराठवाड्यात शाळकरी पोरालाही विचारा.

मी लग्नाची पर्वा न करता ती फरशी फोडायला लावली. भाऊसाहेब आडवे आले, पण त्यांच्या बायकोनेच त्यांना गप्प केलं. "माझी लेक उभी राहायचीय तिथं," एवढंच म्हणाल्या. फरशी निघाली, खालचा काँक्रीटचा पातळ थर फोडला, आणि पहार हातभर आत गेली ती कुठे टेकलीच नाही. माती दीड-दोन फूट खाली बसली होती. वर नुसती फरशीची कवची, आणि त्या कवचीवर चाचा रोज दुपारी झोपत होते. मीही पाठ टेकून आले होते.

विहीर नीट मोकळी करून, थरथर दाबून भरली, वर स्लॅब टाकला. त्याआधी भाऊसाहेबांच्या बायकोने नारळ फोडला, ओटी भरली, आणि मी – मीच! – फरशीखालून भिंतीबाहेर जाईल असा एक पाइप ड्रॉइंगमध्ये काढून दिला. लग्न ठरल्या दिवशी झालं. पांढऱ्या छताकडे कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

आता लोक म्हणतील, फरशी बसली म्हणून घुमट कलल्यासारखा दिसला. नाही. टिकलीची जागा तसूभरही हलली नव्हती आणि बसली असती तरी दोन-चार मिलीमीटरने चौदा फुटांचा फरक पडत नाही. गरम हवेने प्रकाश वळतो, म्हणून भास? तेही कागदावर मांडून पाहिलं. बारा खांब एकाच बाजूला, दिवसभर, चार-चार माणसांना? जमत नाही. आणि एक गोष्ट राहिलीच. एसीच्या जाळीच्या आड, जिथे स्प्रे पोचला नाही तिथे, एका रंगवलेल्या खांबाचा हातभर तुकडा अजून आहे. विहीर नीट भरल्यावर मी टिकलीवर उभी राहून तो पाहिला. सरळ. पहिल्या दिवशी होता तसा, ओळंबा लावावा असा सरळ. टेप आजही तेच सांगतो जे तेव्हा सांगत होता. याचं उत्तर शोधायचं मी बाकी ठेवलेलं नाही. इथे कुणी इंजिनिअर असेल तर ड्रॉइंग आणि मापं पाठवते, चुका काढून दाखवा... आनंदच होईल.

लग्नानंतर भाऊसाहेब स्वतःच म्हणाले, चाचांना बोलवा, घुमट परत करू. मी जालन्यात चाचांच्या घरी गेले. चाची दारातच बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत. मी आत जाऊन चाचांना विहिरीचं सगळं सांगितलं, फोटो दाखवला, हात जोडले, चूक माझी होती म्हटलं. चाचांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि मला परत दिला.

"मॅडम, आपण बोल्ल्यानंतर मी डोळे दाखवून आल्तो. डॉक्टर म्हणतो बिलकुल ठीक आहेत."

"मग चला ना चाचा! परत सुरू करू. मी पुन्हा तपासणार नाही, शप्पथ."

"डॉक्टर तर म्हणेलच," चाचा म्हणाले. "पर आपण शिकलेल्या. आपण इतक्या साइटी पाह्यल्या. आपण उगीच थोडंच म्हणाल?"

मी पुन्हा सगळं सांगितलं, विहीर, टेप, जाळीआडचा खांब. ते मान हलवत होते, लहान मुलाची समजूत घालताना आपण हलवतो तशी. मग उठून त्यांनी भिंतीवर खडूने एक रेघ ओढली, खालपासून वरपर्यंत, हात न थांबवता.

"सांगा, सीधी आहे?"

मी पर्समधून काहीही काढलं नाही. ओळंबा नाही, मोबाइल नाही. "अगदी सरळ आहे चाचा."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग दाराकडे वळून चाचींना हाक मारली, "अजी, जरा इधर आके देखो तो... ये सीधी है क्या?"